खोटं बदक

साहेबांनी खुर्ची ओढली, बसायच्या आधी रुमालाने पुसली, मग टेबलही पुसलं. त्यांच्या बायकोने तिकडे बघायचंच टाळलं. एकतीस वर्षं हा माणूस लोकांच्या खुर्च्या पुसत आला होता, घरातली एक तरी पुसली असेल तर शपथ.

साहेब म्हणजे वजनकाटे तपासणारे साहेब. महिन्यातले दहा-बारा दिवस दौऱ्यावर असायचे आणि गावोगावच्या दुकानदारांच्या काट्यांत खोट काढायचे. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, पण खोड काही जाईना. आता दुकानदार राहिले नाहीत, म्हणून घरच्यांवर भागवत होते.

आज पाळी जावयाची होती. म्हणजे अजून जावई झाला नव्हता, आणि होणार की नाही तेच आज ठरायचं होतं. पोरगा दातांच्या दवाखान्यांना कवळ्या बनवून द्यायचा. कमावता, शांत, लेकीवर जीव टाकणारा. पण त्याच्या घरी मांस-मासे शिजायचे आणि साहेब पडले हाडाचे शाकाहारी. जन्मात पुन्हा शिवणार नाही असा शब्द त्याने समोर बसून द्यावा, तरच होकार, अशी त्यांची अट होती. लेकीने सांगून टाकलं होतं, की बाबांच्या होकाराशिवाय मी लग्न करणार नाही आणि दुसऱ्या कुणाशी तर मुळीच करणार नाही. हट्ट बापाचाच उचलला होता.

जागा पोराने शोधली होती. स्वस्तातली तैवानी खानावळ, शाकाहारी पदार्थांचं वेगळं पान असलेली. भिंतीलगत बाकं, बांबूच्या करंड्यांतून निघणारी वाफ, आणि प्रत्येक टेबलावर पदार्थांची छापील यादी नि पेन्सिलीचा तुकडा. हवं त्यापुढे खूण करायची आणि कागद आत द्यायचा, एवढं साधं काम. पण साधं काम साधेपणाने करतील तर ते साहेब कसले. त्यांनी मालकिणीलाच बोलावून घेतलं.

"शाकाहारीची कढई वेगळी असते का?"

"कढई वेगळी, चमचे वेगळे," मालकीण म्हणाली. साठीची, बुटकी बाई, एप्रनला हात पुसत आली होती. "आणि त्यात कांदा-लसूण नसतो. माझी आई पाळायची, मीही पाळते."

"कांदासुद्धा नाही?" साहेबांचा चेहरा उतरला. कच्च्या कांद्याशिवाय त्यांना घास उतरत नसे.

"का? तुम्ही खाता कांदा?" तिने अगदी सरळपणे विचारलं.

साहेब यादी वाचू लागले. बायकोने हसू पाण्याच्या पेल्यात दाबलं. सोवळेपणात आपल्या नवऱ्याचा असा पचका झालेला तिने पहिल्यांदा पाहिला आणि तिला बरं वाटलं.

जेवण आलं. रस्सेदार नूडल्स, मशरूमचं सारण भरलेले वाफवलेले पाव, टोफू, आणि एका ताटलीत शाकाहारी बदक. सोयाबीनच्या दुधावरची साय थरावर थर घालून गुंडाळायची, तळायची आणि काप करायचे, असा तो प्रकार होता. साहेबांनी नावं ठेवायला सुरुवात केली. नूडल्स फार लांब, रस्सा पातळ, पाव नको इतके पांढरे. ते सांगता सांगता त्यांनी चौथा पाव उचलला.

"हं, मग शब्दाचं काय?" पाव संपल्यावर ते म्हणाले.

"पाच महिने झाले काका, सोडलंय मी."

"पाच महिन्यांचं काय कौतुक? आणि आईकडे गेलास की?"

"आई माझ्यापुरतं वेगळं करेल. म्हणालीय ती."

"त्याच घरात, त्याच भांड्यांत? छे, ते चालायचं नाही. तिथे जेवायचंच नाही. हेही शब्दात आलं."

"आईकडे जेवायचं नाही?" पोराने हळू आवाजात विचारलं. लेक ताटलीकडे बघत बसली.

बायकोने हातातला पाव खाली ठेवला. लग्नाच्या वेळी तिलाही हेच ऐकवलं होतं, आणि ती बावळट, हो म्हणून बसली होती. तिचं माहेर मासे खाणारं. तिथे जाताना ती स्वतःचा डबा न्यायची आणि बाहेरच्या खोलीत एकटी बसून खायची. आई कधी एका शब्दाने बोलली नाही. फक्त शेवटच्या दुखण्यात, उभं राहवत नसताना, तिने एक दिवस भिंतीला धरून हिच्यासाठी भात आणि मासे रांधले आणि ताट पुढे ठेवलं. हिने ते शिवलं नाही, नवऱ्याला दिलेल्या शब्दाला जागली. पंधरा दिवसांनी आई गेली.

विषय बदलायचा म्हणून पोराने बदकाचा काप उचलला. "काका, हे बघितलंत का? मी खोटे दात करतो ना, म्हणून मला फार कौतुक वाटतं. हुबेहूब बदक जमलंय."

खोट्या मालाला समोरासमोर कुणी हुबेहूब म्हणावं आणि साहेबांनी ऐकून घ्यावं, हे शक्यच नव्हतं.

"कसलं हुबेहूब," ते काट्याने काप टोचत म्हणाले. "बदकाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. भाजताना तो सुटतो, तेव्हा कुठे कातडी कुरकुरीत होते. हे नुसतं तेलकट आहे. आणि धागा कुठाय याला? मांडीचा तुकडा कसा, दाताने ओढावा लागतो. कोंबडी म्हणाला असतास तर एक वेळ मानलं असतं."

मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी काटा खाली ठेवला.

"कुठे खाल्लंत?" बायकोने विचारलं.

"खाल्लं कुठे, वाचलंय."

"कोंबडी एक वेळ चालली असती, तेही वाचलंत?"

"अगं, दौऱ्यावर लोक आग्रह करतात. मांसवाले, मासळीवाले, सगळ्यांचेच काटे तपासायचे असतात. नाही म्हटलं तर वाईट दिसतं."

"कधीपासून?"

"नोकरी लागली तेव्हापासून," साहेब म्हणाले. आणि वर मान ताठ करून, जणू मोठा तीर मारलाय, "पण घरात कधी आणलं नाही. घराला कधी विटाळ होऊ दिला नाही मी."

नोकरी लग्नाच्या दोन वर्षं आधीची. तिने मनातल्या मनात हिशेब केला आणि तिला या माणसाची किळस आली. रागही येण्याच्या लायकीचा उरला नव्हता तो.

"तू कसलाही शब्द द्यायचा नाहीस," ती पोराला म्हणाली. "आईकडे जायचं, ती वाढेल ते पोटभर खायचं. लग्न ठरलं तुमचं."

लेकीने बापाकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे काय बघतेस? त्यांचा होकार आहे. आहे ना हो?"

"आहे," साहेब म्हणाले. त्यात त्यांना काहीही खोट दिसली नाही.

पोराने लेकीचा हात धरला. मग दोघं चहा आणायला म्हणून उठली, आणि टेबलाशी नवरा-बायको राहिली. साहेबांनी बायकोला कधी समजावलंच नव्हतं, तर जमणार कुठून?

"अगं," ते शेवटी म्हणाले, "इथे मासा मिळतो. आलं घालून वाफवलेला. तुला हवा असेल तर मागव ना. माझी काही हरकत नाही."

"आता कुणाच्या हातचा खाऊ?" तिने विचारलं.