बोलायची परीक्षा

त्याचं काम दात करायचं. दातांचा डॉक्टर नव्हे बरं का! डॉक्टर माणसाचं तोंड बघतो, हा नुसते दात बघायचा. शहरभरच्या दवाखान्यांतून बोळक्या तोंडांचे ठसे खोक्यात भरून यायचे. हा त्यात प्लॅस्टर ओतून जबडे काढायचा, मेणात एकेक दात बसवायचा, आणि आठवड्याभरात कवळी तयार. हाताला गुण असा, की त्याची कवळी बसवलेल्या एका म्हातारबुवांनी अक्रोड तर फोडलेच, पण रागाच्या भरात दाराची कडी दातांनी उपसली आणि वर शीळ घालून दाखवली. यातलं निम्मं सोडून द्या. शीळ मात्र खरी.

एवढ्या लोकांना दात दिले, पण त्यातलं एकही तोंड त्याने हसताना पाहिलं नव्हतं. परदेशात येऊन चार वर्षं झाली होती. तळघरातली लांबट खोली, दोन टेबलं. शेजारच्या टेबलावरचा कारागीर घासायच्या यंत्राचा आवाज नको म्हणून कानांवर टोप्या चढवून बसायचा. सकाळी एकदा मान हलवायची, संध्याकाळी एकदा, झालं बोलणं. मधले नऊ तास तोंडावर मास्क. एका शुक्रवारी त्याला शिंक आली, तर आत कोण आलं म्हणून तो स्वतःच मागे वळून बघायला लागला.

मग एक दिवस ऑफिसातून कागद आला. पुढचा महिना संपला, की एक तारखेपासून कुशल कामगारांच्या व्हिसाचे नियम बदलणार. कवळीवाल्यांचं काम खालच्या यादीत जाणार, आणि त्या यादीतल्यांना नवरा किंवा बायको बोलावून घेता येणार नाही. ज्यांना बोलवायचंय त्यांनी त्याच्या आत अर्ज करावा, सोबत इथल्या भाषेच्या बोलण्याच्या परीक्षेचा दाखला जोडावा. हातात दिवस चाळीस.

लग्नाला पाच वर्षं झाली होती. त्यातले एकत्र काढलेले महिने अकरा. आता नाही तर कधीच नाही, एवढं त्याला त्या कागदावरून कळलं.

त्याने लगेच बायकोला फोन लावला. ती शाळेची व्हॅन चालवायची, बारा पोरं कोंबून. पलीकडे गलका चालला होता.

"ऐक. फोटो काढून ठेव. मागे पांढरा पडदा, दोन्ही कान दिसले पाहिजेत."

"माझे कान काय पळून चाललेत? अरे, पण मी काय म्हणते..."

"आणि लग्नाचा दाखला. त्याचं भाषांतर, भाषांतरावर शिक्का. लिहून घेतेस ना?"

"गाडीत आहे मी, दातोबा. स्टिअरिंगवर लिहू?"

"बरं, मी पाठवतो यादी. ठेवतो."

आणि ठेवलाच.

कागद जमवणं सोपं. ते काय, मुंगीच्या चिकाटीने एकेक करून जमतात. अडलं ते बोलण्यावर. चार वर्षांत इथली भाषा त्याला वाचता येत होती, कळत होती, पण तोंडातून काढायची कुणासमोर? कानटोपीवाल्याला विचारायचं म्हणजे आधी त्याच्या खांद्याला हात लावायचा, आणि तेवढी ओळख नव्हती.

मग काय केलं असेल? कानटोपीवाला जेवायला बाहेर गेला, की हा फळीवरचे प्लॅस्टरचे जबडे उतरवायचा आणि टेबलावर मांडायचा, सभा भरल्यासारखे. खालचा-वरचा जबडा बिजागरीवर बसवलेला, बोट लावलं की टकटक वाजायचा. एक पुढे आलेल्या सुळ्यांचा, त्याला नाव पडलं मामंजी. एक नाजूक, तिला आत्याबाई.

"नमस्कार आत्याबाई, कशा आहात? मी बरी आहे हो! गुडघे काय म्हणतात? दुखतात मेले!" प्रश्नही हाच विचारायचा, उत्तरही हाच द्यायचा. हळूहळू जीभ अशी सुटली की सांगता सोय नाही. हवामान, बसचं वेळापत्रक, घरमालकाशी तक्रार, सगळं धो धो. एकदा त्याने असा विनोद केला म्हणतात, की मामंजींना हसू आवरेना आणि प्लॅस्टरला तडा गेला. तडा तर गेला होताच. पुन्हा ठसा मागवावा लागला.

परीक्षेला गेला तो इस्त्रीचा शर्ट घालून. समोर तरतरीत बाई.

"नमस्कार," ती म्हणाली. "आज कसं..."

"उत्तम! आणि तुम्ही कशा आहात? तुम्हीही उत्तम! हवा छान आहे, नाही का? हो, फारच छान! तुम्ही इथे बसने आलात? बसनेच आला असाल, गर्दी होती ना? खूप होती!"

बाईने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा याने आत बघितलं (मागची दाढ भरलेली होती, काम ठीकठाक) आणि पुढे बोलत राहिला. घंटा झाली तेव्हा बाईने पेन खाली ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी निकाल. शब्द, उत्तम. उच्चार, चांगला. संभाषण, नापास. खाली एक ओळ होती: उमेदवार समोरच्याला बोलू देत नाही.

ती ओळ त्याने बसस्टॉपवर वाचली, बसमध्ये वाचली, जिन्यात वाचली. हसावं की रडावं कळेना. ज्याला बोलायला माणूस मिळत नव्हतं, त्याच्यावर हा आळ!

एक तारखेच्या आत आणखी एकच परीक्षा होती, आणि तिचा निकाल हातात येऊन अर्जाला एक दिवस उरत होता. नाव घातलं. पण तयारी कशाची करणार? बोलणं तर येत होतं. मग त्याने गप्प बसायची तयारी केली. जबडा समोर ठेवायचा, "कशा आहात?" विचारायचं आणि घड्याळात एक मिनिट होईपर्यंत तोंड मिटून बसायचं. करून बघा कधी. मिनिट एवढं लांब असतं, की त्यात माणसाची दाढी वाढावी. पहिल्या दिवशी वीस सेकंदांत त्याचा धीर सुटला. आठव्या दिवशी जमलं. पण त्या शांततेत खोली केवढी मोठी आहे आणि आपण तिच्यात केवढे, हे त्याला असं दिसलं की तो जेवायचंच विसरला.

दुसऱ्या परीक्षेला वयस्कर गृहस्थ होते. कोटाचं मधलं बटण तुटलेलं.

"तुम्ही कुणाबरोबर राहता?" त्यांनी कागदावरचा प्रश्न वाचला.

"एकटा राहतो. बायको तिकडे आहे, तिला आणायचंय." मग त्याने विचारलं, "आणि तुम्ही?"

आणि थांबला.

गृहस्थांनी घड्याळाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. असा प्रश्न उलटून कुणी विचारला नसावा. हा आपला थांबलेला.

"मीही एकटाच," ते म्हणाले. "गेल्या हिवाळ्यापासून. सूप मात्र अजून दोघांचं होतं. हातालाच माप बसलंय."

"मग उरलेल्याचं काय करता?"

"दुसऱ्या दिवशी खातो. आणि त्या दिवशी पुन्हा दोघांचं करतो."

मग ते बोलतच राहिले. बायकोचा चष्मा कुठे ठेवलाय, ती रस्ता ओलांडताना कशी भांडायची. हा मधूनच एखादा शब्द विचारायचा आणि थांबायचा. घंटा झाली, तेव्हा गृहस्थांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "माफ करा, तुमची परीक्षा होती."

गेलं, त्याला वाटलं. आपण बोललोच कुठे?

निकाल आला. संभाषण, उत्तम.

त्याने दुपारच्या सुट्टीत पायरीवर बसून फोन लावला. बायको पोरं सोडून रिकाम्या गाडीत बसली होती.

"पास झालो," तो म्हणाला. आता यादी सांगणार, तोच जीभ अडली. सवयच लागली होती. "तुला... यायचंय ना?"

आणि थांबला. तो थांबूनच राहिला.

"चाळीस दिवसांत हे पहिल्यांदा विचारलंस," ती म्हणाली.

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कान दिसले पाहिजेत म्हणालास, शिक्का पाहिजे म्हणालास. मी येऊन तिथे काय करू, ते नाही बोललास. इथे सकाळपासून बारा तोंडं ओरडत असतात माझ्या डोक्यावर. तिथे गाडी चालवायला मिळेल मला?"

मिळेल, सगळं मिळेल, असं म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. नेहमी तेच म्हणायचा.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"शेजारी कसे आहेत?"

"माहीत नाही."

"अरे, मग चार वर्षं तिथे करत काय होतास? गवत उपटत होतास?"

"दात करत होतो," तो म्हणाला. "इथे फार शांत असतं गं. तुला आवडणार नाही कदाचित. मलाही नाही आवडत."

गाडीचं दार उघडल्याचा, मिटल्याचा आवाज आला.

"हे आधी का नाही सांगितलंस?" ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं तुझं तिथे मस्त चाललंय आणि मी आपली लोढणं होऊन येतेय. भर तो अर्ज. नाहीच करमलं तर दोघं मिळून रडू, एकट्याने नको. आता ठेवते, पोरं सुटतील."

संध्याकाळी खोलीवर येऊन त्याने अर्ज भरला. एकेक रकाना, एकेक कागद, तिचे दोन्ही कान. बटण दाबलं. पडद्यावर उमटलं, अर्ज मिळाला, निर्णय बारा आठवड्यांत.

त्याला कुणाला तरी सांगावंसं वाटलं. बायकोला लावला, ती गाडीवर असणार, उचलला नाही. तो उठला, खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग दार उघडून जिन्यात आला आणि समोरचं दार वाजवलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

आत खुर्ची सरकली. पावलं दारापाशी आली.

"कोण?" बाईमाणसाचा आवाज आला.

नाव सांगून तरी काय उपयोग, या जिन्यात ते कुणालाच माहीत नव्हतं.

"समोरचा," तो म्हणाला, आणि दार उघडायची वाट बघत उभा राहिला.