निळ्या खडूची खूण

मास्तरांच्या दुकानात मागच्या बाजूला तिन्हीकडून आरसे लावलेली एक चिमुकली खोली होती. गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायची. सत्तावीस वर्षांत मास्तर स्वतः त्या खोलीत कधी उघडे उभे राहिले नव्हते. त्यांच्या शर्टाचं गळ्याशी असलेलं बटण फक्त अंघोळीला निघतं, अशी लोक थट्टा करत, आणि ते फारसं खोटं नव्हतं. पण या आठवड्यात मास्तर रोज सकाळी शटर अर्धं ओढून त्या खोलीत शिरत, शर्ट काढत आणि गळ्यातली टेप स्वतःच्याच अंगाला लावून माप घेत.

सुरुवात पाठदुखीने झाली होती. उजव्या बरगडीखाली कोणीतरी तापलेली इस्त्री टेकवून ठेवलीय असं वाटायचं. टेबलावर वाकून कापड बेतता बेतता पाठ धरली असेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. तीन दिवसांनी, रविवारी, त्याच जागी लाल चट्टे उठले आणि चट्ट्यांवर पाण्याने भरलेले बारीक फोड. कण्यापासून निघालेला फोडांचा पट्टा बरगडीवरून पोटाकडे वळला होता, पण सगळा एकाच बाजूला. शर्टाचं कापड नुसतं घासलं तरी डोळ्यांत टचकन पाणी यायचं.

नागीण. नाव त्यांना माहीत होतं. नागिणीचं तोंड शेपटाला मिळालं, अंगाला वेढा पुरा झाला की माणूस संपला, हेही लहानपणी कुणाकुणाकडून ऐकलेलं होतं. दुसरा कोणी असता तर त्याने दवाखाना गाठला असता. मास्तर पडले शिंपी. त्यांनी निळ्या खडूने पट्ट्याच्या दोन्ही टोकांना खुणा केल्या आणि मधली मोकळी जागा टेपने मोजली. रविवारी वीस इंच. सोमवारी एकोणीस. मंगळवारी साडेअठरा, बुधवारीही साडेअठरा. वेढा थांबला म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला. आग होत होती म्हणून त्याच खडूचा चुरा त्यांनी फोडांवर भुरभुरला आणि वरून शर्टाची सगळी बटणं लावली.

दवाखान्यात जायला त्यांना भीती वाटत नव्हती. लाज वाटत होती. त्या लाजेला तीन वर्षं झाली होती आणि ती समोरच्याच लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करत उभी असायची.

तिला सगळे काजवाली म्हणत. अकरा वर्षं ती मास्तरांच्या दुकानात दाराशी स्टुलावर बसून काजं करायची, बटणं लावायची. तिच्या हातचं काज उलटीकडूनही सुलटीइतकंच देखणं, असं मास्तरच गिऱ्हाइकांना ऐकवायचे. तीन वर्षांपूर्वी तिच्या कंबरेवर असेच फोड आले. तिने लपवाछपवी केली नाही. डॉक्टरांनी नागीण सांगितलीय, झाकून ठेवलं तर काम करायला हरकत नाही, असं तिने सरळ येऊन सांगितलं. मास्तर चार पावलं मागे सरले. "तू उद्यापासून येऊ नकोस," एवढंच म्हणाले. ती गेल्यावर तिचं स्टूल त्यांनी काठीने ढकलत दाराबाहेर नेलं, आणि तिची कात्री कागदात धरून फेकून दिली.

इथवर घाबरटपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण पुढे गिऱ्हाइकं विचारू लागली, काजवाली दिसत नाही? तिला भित्रेपणाने काढलं असं कसं सांगणार? मास्तरांनी आवाज खाली आणून सांगितलं, "तिला कसलासा घाणेरडा रोग झालाय अंगावर. आपल्या कपड्यांना हात लावायचा म्हणजे..." वाक्य अर्धं सोडायचे. उरलेलं गिऱ्हाईक स्वतःच शिवून घ्यायचं. वस्तीतल्या एकाही शिंप्याने तिला काम दिलं नाही. लाँड्रीवाला तेवढा बहिरा होता, त्याच्या कानावर काही गेलं नसावं.

गुरुवारी सकाळी मास्तर दुकानाच्या दारात उभे होते. उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी शर्ट अंगापासून अलगद ओढून धरला होता. समोरून काजवालीने इस्त्री बाजूला ठेवली, रस्ता ओलांडला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा दुकानाच्या पायरीपाशी येऊन थांबली.

"मास्तर, शर्ट असा का धरलाय?"

"उकडतंय."

"एकाच बाजूला उकडतंय?"

मास्तरांनी शर्ट सोडला आणि कळवळून पुन्हा धरला.

"किती दिवस झाले फोड येऊन?"

"पाच."

"पाच दिवस काय केलंत?"

मापं घेत होतो, हे काही त्यांना सांगवेना. जमिनीने पोटात घ्यावं असं त्यांना वाटलं. काजवालीने शटरची काठी त्यांच्या हातात दिली. "ओढा खाली. निघायचं."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि बोलायला फटकळ. त्यांनी पाठ बघितली, पोट बघितलं. "हे निळं काय आहे?"

"खडू."

"आणि या रेघा?"

मास्तरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. बाईंनी हसू दाबलं, पण पुरतं दाबता आलं नाही. "आजोबा, ही एका बाजूच्या नसेवरून जाते. बहुतेक मध्यावर येऊन थांबतेच. तुम्ही वर्षभर मोजलं असतंत तरी तुमचे साडेअठरा इंच तसेच राहिले असते. मोजायचे होते ते दिवस. फोड आल्यापासून तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या तर फार बरं. अजून नवे फोड येतायत, म्हणून आताही देते. पण फोड सुकल्यावरसुद्धा दुखणं काही महिने रेंगाळू शकतं, हे आत्ताच सांगून ठेवते. डोळ्याजवळ काही आलं तर त्याच क्षणी यायचं."

"पण ही मला आली कुठून?" हे विचारताना मास्तरांची नजर नकळत काजवालीकडे गेली. ते तिने पाहिलं.

"कुणाकडून नाही. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या? तेच विषाणू नसांत झोपून राहतात, उतारवयात जागे होतात. यात घाण काही नाही. फक्त फोडातलं पाणी, ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला लागलं तर त्याला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत झाकून ठेवायचं. तान्ही मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहायचं." बाईंची नजर पुन्हा खडूच्या रेघांवर गेली. "ती टेप दुसऱ्या कोणाला लावलीत?"

सोमवारी बँकेतल्या मॅडमना. सातवा महिना होता, झग्याचं माप द्यायला आल्या होत्या. मास्तरांनी कसंबसं तसं सांगितलं.

"त्यांना आजच्या आज विचारा, कांजिण्या झाल्या होत्या का. झाल्या असतील तर प्रश्न मिटला. नसतील किंवा माहीत नसेल, तर लगेच डॉक्टरांकडे जायला सांगा. आणि पाठीवर तुमचा हात पोचत नाही. पट्टी कोण बदलणार?"

घरी कोणी नव्हतं. मास्तरीणबाई जाऊन सहा वर्षं झाली होती.

"मी बदलीन," काजवाली म्हणाली. "मला दोन्ही होऊन गेलंय."

त्या दिवशी मास्तरांनी मॅडमच्या नंबरासाठी वही दोनदा उघडली आणि दोनदा मिटली. शुक्रवारीही तेच. फोन केला की कशाने, कधीपासून, सगळं सांगावं लागणार. नागीण म्हटलं की त्यांना काजवाली आठवणार. एका बाईच्या पोटातलं बाळ आणि आपली अब्रू, या दोहोंत आपण अब्रू कवटाळून बसलोय हे त्यांना स्पष्ट कळत होतं, आणि कळूनही हात फोनकडे जात नव्हता. असला माणूस आपण असू, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी दुपारी एकला, जेवणाच्या सुट्टीत, काजवाली आली. आरशांच्या खोलीत मास्तर उघडे उभे राहिले. तिन्ही आरशांत तोच लाल पट्टा दिसत होता, आणि बघायला दुसरीकडे जागाच नव्हती. तिने जुनी पट्टी उतरवली, फोड पुसले. हात हलका होता. नवी पट्टी अर्धी लागली असेल-नसेल, तोच बाहेर चपला वाजल्या.

"मास्तर, माझा झगा झाला?"

मॅडमच. काजवालीने पडदा थोडा सारून डोकं बाहेर काढलं. "पुढे येऊ नका, जरा थांबा—"

"तू?" मॅडम झटक्यात मागे सरल्या. एक हात पोटावर गेला. "मास्तरांनी हिला परत घेतलं? असला रोग असलेल्या बाईला? आणि मी या अवस्थेत... सांग त्यांना, झगा नकोय मला."

चपला दूर गेल्या.

मास्तर पडद्याआड उभे होते. काजवालीने पडदा लावला, चिकटपट्टी दाताने तोडली आणि पुन्हा कामाला लागली. तिने आरशातूनसुद्धा त्यांच्याकडे बघितलं नाही. तिला सवय होती. ती सवय आपण लावली, हे मास्तरांच्या आत असं काही खुपलं की फोडांची आग त्यापुढे काहीच नव्हती.

पट्टीचं टोक तिच्या हातातून सुटलं. मास्तर पडदा फाडल्यागत बाजूला करून तसेच बाहेर पडले, उघडे, अर्धी पट्टी पाठीवर लोंबत असलेली.

मॅडम फळवाल्यापाशी पोचल्या होत्या. मास्तर धावले आणि वीस पावलांवर थबकले. जवळ जायचं नव्हतं, डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आता एकच मार्ग उरला होता. कधी चढा आवाज न काढलेले मास्तर भररस्त्यात ओरडले.

"मॅडम! तिला काही नाही! मला झालीय, ही बघा!"

फळवाल्याने तराजू खाली ठेवला. खिडक्या उघडल्या.

"नागीण आहे! तिलाही हीच झाली होती, बरी झाली! घाणेरडा रोग मी म्हणालो, ते खोटं! सोमवारी मीच तुम्हाला माझी टेप लावली! तुम्हाला कांजिण्या झाल्या होत्या का?"

मॅडम आधी त्यांच्याकडे आणि मग त्या लाल पट्ट्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आईला फोन लावला. मास्तर भर उन्हात, सगळ्या वस्तीच्या देखत, केविलवाणे उभे. निळ्या खडूचे डाग अजून पुरते गेले नव्हते.

"झाल्या होत्या," मॅडम शेवटी म्हणाल्या. "पाच वर्षांची असताना." त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. "आणि मास्तर, ती तीन वर्षं त्या लाँड्रीत उभी होती, तुम्ही रोज बघत होतात."

"हो," मास्तर म्हणाले. एवढंच आणि तेही हळू. ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

ते परत आले तेव्हा काजवाली दाराशीच होती, जिथे तिचं स्टूल असायचं तिथे. तिने सगळं ऐकलं होतं.

"उद्यापासून कामावर येशील?" मास्तरांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "उद्या एकला येईन. पट्टीपुरती."

मग तिने टेबलावरची कात्री उचलली. "हात वर करा, मास्तर. अर्धीच लागलीय."

मास्तरांनी हात वर केला.