मी सांगतो तसंच कर

कार्डिफला सासुरवाडीला गेलं की आपण नेमके कशाच्या उपयोगाचे आहोत, असा प्रश्न अपूर्वला पडायचा. उत्तर त्याला ठाऊक होतं, तीच अडचण होती. सासरे मोहन, म्हणजे बाबा, निवृत्त भूलतज्ज्ञ, सासूबाई सुलक्षणा लहान मुलांच्या डॉक्टर, बायको शाल्मली दातांची. जेवताना टेबलावर पित्ताशयापासून अक्कलदाढेपर्यंत सगळं निघायचं आणि अपूर्व अधूनमधून 'हो ना' म्हणत आमटी भुरकायचा. ताटं उचलायला उठला, की सासूबाई म्हणायच्या, "बसा हो, तुम्ही कशाला?" त्या जावयाचा मान म्हणून म्हणत, पण त्याला ते कायमचं निदान वाटायचं.

म्हणून त्या शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाबा जेव्हा घसा साफ करून म्हणाले, "अपूर्वराव, माझा कॉम्प्युटर जरा स्लो झालाय. बघता का सवड असेल तर?" तेव्हा अपूर्वला आभाळ ठेंगणं झालं. लग्न झाल्यापासून बाबांनी त्याच्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ होती. सवड तर त्याच्याकडे एवढी होती, की ती ठेवायला जागा नव्हती.

"फक्त बघ," शाल्मली जिन्यापाशी त्याला अडवून म्हणाली. ती जन्मली, वाढली कार्डिफमध्ये, त्यामुळे तिच्या मराठीत लिंगं आपापल्या मर्जीने नांदायची. "टच नको करू. बाबाचे सगळे स्लाइड्स त्याच्यात आहे. दुसरी कॉपी नाहीये, यू नो दॅट."

त्याला ते माहीत होतं. फिल्मच्या कॅमेऱ्यातल्या, उजेडासमोर धरून बघायच्या त्या स्लाइड्स होत्या. ब्रिटनमध्ये आल्यापासूनचे सगळे फोटो त्यांत होते. बाबांच्या आई एकदाच इकडे आल्या होत्या. नऊवारीवर मुलाचा ओव्हरकोट चढवून त्या पेनार्थच्या पिअरवर, समुद्रात गेलेल्या धक्क्यावर, उभ्या आहेत, तो त्यांचा इथला एकुलता एक फोटोही त्यांतच होता. निवृत्तीनंतर बाबांनी एकेक स्लाइड पुसून, स्कॅन करून कॉम्प्युटरवर घेतली. पुढे लॉफ्टमध्ये पाणी झिरपलं, मूळ स्लाइड्सना बुरशी धरली आणि त्या कौन्सिलच्या कचरा डेपोत गेल्या. आता जे काय होतं, ते वरच्या लहान खोलीतल्या त्या एका डब्यात होतं.

"अगं, मी काय नवशिका आहे का?" अपूर्व म्हणाला.

नवशिका नव्हता हे खरं. नवशिके निदान रोज काहीतरी शिकत असतात. अपूर्व ब्रॅकनेलच्या एका आयटी कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर होता, म्हणजे इतरांचं काम कधी संपेल हे त्यांना गोड आवाजात विचारायचा. स्वतःच्या हाताने एखादी कमांड टाइप करून त्याला जमाना लोटला होता. पण हे सासुरवाडीत कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि ते सांगावं असं त्यालाही कधी वाटलं नव्हतं.

कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. ते शेजारच्या गॅरेथने पूर्वी कधीतरी घालून दिलं होतं आणि नंतर तो घर विकून टेन्बीला समुद्रकिनारी राहायला गेला होता. अपूर्व खुर्चीवर बसला आणि बाबा त्याच्या मागे हात बांधून उभे राहिले. ऑपरेशन थिएटरमध्ये ते असेच उभे राहत असणार, असं त्याला वाटलं आणि त्याचा कणा आपोआप ताठ झाला.

पंचाईत ही, की कॉम्प्युटरला काहीच झालेलं नव्हतं. वयाच्या मानाने तो चांगला चालत होता. डिस्कवर जागा होती, मेमरी रिकामी होती. पण डॉक्टरांच्या घरात, डॉक्टर मागे उभे असताना, 'पेशंट ठणठणीत आहे' म्हणून उठायचं, तर मग जावयाला बोलावलं कशाला? काहीतरी सापडायलाच हवं होतं. अपूर्वने पॅकेजेसची, म्हणजे मशीनवर बसवलेल्या प्रोग्रॅम्सची, यादी काढली. तिथे त्याला बत्तीस बिटांचा सुळसुळाट दिसला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"सापडलं," तो म्हणाला. "बाबा, प्रोग्रॅम्स दोन जातींचे असतात. जुने बत्तीस बिटांचे आणि नवे चौसष्टचे. तुमचं मशीन चौसष्टचं आहे, हे बघा, मी त्याला विचारलं तर त्याने स्वतःच सांगितलं. तरी आत बत्तीसचे हे एवढे घुसलेत. यांना आमच्या भाषेत फॉरेन म्हणतात. फॉरेन आर्किटेक्चर."

"फॉरेन म्हणजे आमच्यासारखे?" बाबांनी विचारलं.

"नाही, नाही. म्हणजे... बाहेरून आलेले, जागा अडवणारे, बिनकामाचे." बोलून गेल्यावर अपूर्वने जीभ चावली, पण गाडी आता उताराला लागली होती. "काढून टाकले की मशीन कसं मोकळं होईल बघा."

"त्यांचा काही त्रास होतोय का?"

"त्रास असा नाही. पण स्वच्छता म्हणून."

बाबांनी विचारलं, "तुमची खात्री आहे ना?"

"शंभर टक्के," अपूर्व म्हणाला. ऑफिसात तो हे आठवड्यातून अनेकदा म्हणायचा आणि तिथे कुणी ते मनावर घ्यायचं नाही. बाबांनी घेतलं. ते मान डोलावून चहा टाकायला खाली गेले.

अपूर्वने बोटं मोडली. बत्तीस बिटांचं जे जे असेल ते मुळासकट काढ, अशी एका ओळीची कमांड दिली. मशीनने भलीमोठी यादी समोर धरली आणि खाली इशारा दिला: यातली काही पॅकेजेस अत्यावश्यक आहेत, हे करू नये, आपण काय करतो आहोत हे नक्की माहीत असेल तरच पुढे जावं. आणि पुढे जायचंच असेल, तर नुसतं 'हो' चालणार नाही. एक अख्खं वाक्य जसंच्या तसं टाइप करावं लागेल: 'येस, डू ॲज आय से!' होय, मी सांगतो तसंच कर.

इथे कुठलाही शहाणा माणूस हात मागे घेतो. वाक्य एवढं लांब ठेवलंय तेच मुळी त्यासाठी, की टाइप करता करता माणसाला अक्कल यावी. पण अपूर्वची परिस्थिती लक्षात घ्यायला हवी. ऑफिसात मुलं त्याचं ऐकून घ्यायची आणि आपल्याला हवं ते करायची. घरी शाल्मली ऐकूनही घ्यायची नाही. सासुरवाडीत तर त्याने काही सांगावं असा प्रसंगच येत नव्हता. आणि इथे एक यंत्र हात जोडून म्हणत होतं, की साहेब, फक्त एकदा म्हणा, मी सांगतो तसंच कर. त्याला हे वाक्य म्हणायला मिळत होतं, तेही लेखी. त्याने ते चवीचवीने टाइप केलं, स्वल्पविरामासकट, आणि एन्टर दाबलं.

मशीनने सांगितलं तसंच केलं. अपूर्वच्या आयुष्यातलं ते सर्वांत आज्ञाधारक यंत्र ठरलं. ओळीमागून ओळी सरसर वर गेल्या आणि थांबल्या. त्याने काम कसं झालं ते बघायला एक साधी कमांड दिली. कमांड सापडत नाही, असं उत्तर आलं. दुसरी दिली. तीही सापडेना. मग मशीन नीट बंद करण्याची कमांड दिली, तर तीसुद्धा गेलेली. पडद्यावर मागच्या चित्रातला डोंगर जागेवर होता, माउसचा बाण इकडून तिकडे फिरत होता, पण कशावरही टिचकी मारली तरी काही उघडत नव्हतं.

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. मशीनला त्याने एकच प्रश्न विचारला होता, की तू कुठल्या जातीचं. उत्तर दिलं होतं ते आतल्या एकट्या गाभ्याने, म्हणजे सगळी यंत्रणा चालवणाऱ्या कर्नलने. गॅरेथने मुळात सगळं बत्तीसचंच बसवलं होतं, आणि नंतर कधीतरी फक्त गाभा बदलून चौसष्टचा घातला होता. तेव्हा घर बत्तीसचं होतं, मूळ रहिवासी बत्तीसचे होते, आणि फॉरेन कुणी असलाच तर तो चौसष्टचा गाभा. इथलं मूळचं कोण, हे विचारायलाही एक कमांड असते. दोन सेकंदांचं काम. ती त्याला येतही होती. पण उत्तर माहीत आहे असं वाटणारा माणूस प्रश्न कशाला विचारेल? त्याने पाहुण्याचं ऐकून घरच्यांना घराबाहेर काढलं होतं.

स्लाइड्स वेगळ्या कप्प्यात असतात, प्रोग्रॅम गेले तरी त्या जात नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. पण घटकेपूर्वी आणखीही पुष्कळ गोष्टी त्याला अशाच ठाऊक होत्या.

"चहा," बाबा दारातून म्हणाले. "काय म्हणतंय?"

"अपडेट चालू आहे," अपूर्व म्हणाला, आणि पडदा दिसणार नाही असा उभा राहिला. "लागेल थोडा वेळ. खालीच घेऊ या चहा."

खाली सासूबाईंनी त्याच्यापुढे चिवड्याची बशी सरकवली. "झालं का हो तुमचं? उगाच लावलं मी तुम्हाला कामाला. खरं सांगू का, त्याला काही झालेलं नव्हतं. मीच यांना म्हटलं, अपूर्वराव येतात आणि नुसते अवघडून बसतात, त्यांना काहीतरी काम द्या. त्यांनाही बरं वाटेल."

बाबा कपात बघत बसले. म्हणजे बाबांनी काही मागितलंच नव्हतं. रडू नये म्हणून पोराच्या हातात खुळखुळा द्यावा, तसा त्याच्या हातात एक चांगला चालता कॉम्प्युटर दिला होता, आणि त्याने तो मोडून ठेवला होता. त्याला लाज वाटली. नेहमी वाटायची ती मजेशीर लाज नाही, कानापर्यंत गरम करणारी.

"बाबा," तो म्हणाला, "अपडेट वगैरे काही चालू नाहीये. मी बंद पाडलाय तो."

शाल्मलीने कप खाली ठेवला. "मी म्हटली होती ना," एवढंच ती म्हणाली, आणि ते पुरेसं होतं.

बाबांनी विचारलं, "स्लाइड्स?"

"मी प्रोग्रॅम काढलेत, फोटो नाही. त्या असायला हव्यात."

"असायला हव्यात," बाबा म्हणाले. ते रागावले नाहीत. पण त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला, आणि रागावले असते तर बरं झालं असतं, असं अपूर्वला वाटलं. "आईचा फोटो दुसरीकडे कुठे नाही."

मग जे झालं त्यात अपूर्वने एकही वाक्य आत्मविश्वासाने उच्चारलं नाही. शाल्मलीच्या लॅपटॉपवर बसून त्याने एका पेनड्राइव्हवर वेगळं लिनक्स उतरवून घेतलं, तेही सूचना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून. मग वर जाऊन त्या पेनड्राइव्हवरून बाबांचं मशीन सुरू केलं. बाबा मागे येऊन उभे होते. डिस्क दिसली. तिच्यात बाबांच्या नावाचा कप्पा दिसला. अपूर्वने त्यावर टिचकी मारण्याआधी मागे वळून पाहिलं. बाबांनी मान हलवल्यावर त्याने तो उघडला.

फोटो होते. एकामागून एक पडद्यावर येत गेले. बर्फात साडीवर गमबूट घातलेल्या तरुण सुलक्षणाबाई, हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उभे असलेले दाट केसांचे मोहन. आणि पेनार्थच्या पिअरवरची ती नऊवारी, ओव्हरकोट, वाऱ्याने उडणारा पदर एका हाताने धरलेला. बाबा पुढे वाकले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पण तो घातला नाही, नुसता हातात धरून ठेवला.

सगळे फोटो शाल्मलीच्या लॅपटॉपवर आणि वर आणखी एका डिस्कवर कॉपी झाले. मग बाबांनी विचारलं, "आणि हा कॉम्प्युटर? पहिल्यासारखा होईल?"

अपूर्वच्या तोंडाशी ऑफिसातली बरीच उत्तरं आली. होईल ना, किरकोळ आहे, संध्याकाळपर्यंत करतो. ती त्याने एकेक करून गिळली.

"मला माहीत नाही, बाबा," तो म्हणाला.

"मी चाळीस वर्षं भूल दिली," बाबा म्हणाले. "शंभर टक्के म्हणणाऱ्या सर्जनची मला फार धास्ती वाटायची. तसला माणूस टेबलापाशी आला, की मी रक्ताच्या दोन बाटल्या जास्त मागवून ठेवायचो. दुपारी तुम्ही तसं म्हणालात, तेव्हाच मला इथून हलायला नको होतं." त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढून अपूर्वच्या खुर्चीला लावलं आणि त्यावर बसले. "आता मी इथेच आहे. काढायच्या आधी मला सांगा, काय काढताय ते."

अपूर्वने कीबोर्ड जवळ ओढला आणि त्यांना पडद्यावरची पहिली ओळ वाचून दाखवली.