भुवई हलली की आऊट

प्राथमिक शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंना मुलं ‘तोफ’ म्हणायची आणि ते बाईंना चांगलं ठाऊक होतं. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. माऊसची वायर ओढली, तोफ. कीबोर्डवर खोडरबराचा चुरा पडला, तोफ. वर्गात कोणाला ताप भरला की त्याला घरी पोचवायला बाईच जायच्या, पण वाटभर त्याला ओरडत जायच्या.

दुसऱ्या एका शाळेतल्या मुलाला कोणीतरी गेममधून धमकावत होतं आणि पोराने कित्येक महिने ते कोणाला सांगितलंच नव्हतं. ते कानावर आल्यापासून हेडबाईंनी चौथीला ऑनलाइन सुरक्षिततेचे तास लावले होते. पासवर्ड कोणाला द्यायचा नाही, अनोळखी माणसाला फोटो पाठवायचा नाही, पत्ता सांगायचा नाही. मुलांनी सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. बाई खूश झाल्या.

“आणि काही विचित्र घडलं तर?”

“मोठ्यांना सांगायचं!” अख्खा वर्ग ओरडला.

“कोणाला सांगाल?”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग वर्गात ज्याला सगळे वकील म्हणत तो उभा राहिला. “बाई, हे फक्त पेपरात लिहायचंय ना? खरंच सांगितलं तर मार बसतो. माझ्या ताईने सांगितलं, तर तिचा फोनच काढून घेतला.”

“मग मला येऊन सांगा!”

वर्गात खसखस पिकली. “तुम्हाला?” वकिलाने विचारलं.

“का रे? मी काय खाते का तुम्हाला?” बाई अशा कडाडल्या की खिडकीची काच थरथरली.

“म्हणून,” वकील हळूच म्हणाला आणि खाली बसला.

त्या दिवशी बाईंना डबा गेला नाही. पोरगं आगाऊ होतं, पण खोटं काय बोललं होतं? शेवटचा नियम लंगडा असेल तर आधीचे सगळे पालथ्या घड्यावर पाणी. सांगायलाच कोणी आलं नाही, तर आपण शिकवलं काय, कपाळ?

पुढच्या तासाला त्यांनी खुर्ची मधोमध ओढली. “आज मशीन बंद. आज माझी परीक्षा. एकेकाने यायचं आणि फोनवर किंवा कॉम्प्युटरवर केलेला सगळ्यात भयंकर उद्योग सांगायचा. खरा की खोटा, कोणी विचारणार नाही. मी शांतपणे ऐकणार आणि म्हणणार, ‘बरं झालं सांगितलंस. आता काय करायचं ते आपण मिळून बघू.’ माझी भुवई हलली की मी आऊट. मग सगळे स्क्रीन मी पुसणार.”

पोरांना आयतं कुरण मिळालं. वकिलाने सांगितलं, “मी तुमच्या फोटोला माकडाचे कान लावले आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला.” बाईंची भुवई टुणकन वर उडाली. आऊट! दुसऱ्याने बाबांच्या फोनवरून त्यांच्या साहेबांना ‘तू ढ आहेस’ असं कळवलं होतं. आऊट! पण हळूहळू बाईंचा चेहरा जागेवर बसायला लागला. मुलं हसून लोळत होती आणि बाई ठरलेली दोन वाक्यं म्हणत होत्या.

मग मुंगी आली. अंगाने एवढीशी म्हणून मुंगी, पण माऊससाठी कोपराने धक्के देण्यात तिचा हात कोणी धरत नसे. अलीकडे मात्र ती मांडीवर हात ठेवून गप्प बसायची. आजारी असेल, असं बाईंना वाटलं होतं. ती बाईंच्या भुवयांकडे बघतच बोलली.

“गेममध्ये माझी एक मैत्रीण आहे. तिने फोटो मागितला. मी पाठवला, गणवेशातला. आता ती म्हणते अजून पाठव, नाहीतर तुझी शाळा मला कळलीये, येऊन आईला सांगीन. मला वाटतं, ती मुलगी नाहीचे.”

वर्ग गमतीची वाट बघत थांबला. गंमत आलीच नाही. “यात काय मजा?” मागून कोणीतरी म्हणालं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो कोण नतद्रष्ट असेल तो समोर असता, तर त्याची धडगत नव्हती. पण समोर मुंगी होती. आत्ता भुवई हलली, तर ती आपल्यावरच हलली असं पोरीला वाटणार. बाईंनी खुर्चीची कड घट्ट धरली.

“बरं झालं सांगितलंस,” त्या म्हणाल्या. “आता काय करायचं ते आपण मिळून बघू.”

“हे तुम्ही सगळ्यांनाच म्हणता,” मुंगी पुटपुटली.

“हो. पण तुला खरंखुरं म्हणतेय.” हे फक्त तिलाच ऐकू गेलं. मग बाई मोठ्याने म्हणाल्या, “चला, पुढचा!”

तास संपल्यावर स्क्रीन पुसायला मदत हवी म्हणून त्यांनी मुंगीला मागे ठेवून घेतलं. त्या माणसाला उत्तर द्यायचं नाही, पण काही पुसायचंही नाही, ते मेसेज पुरावा म्हणून लागतील, एवढं समजावलं.

“मी मूर्ख आहे ना, बाई?”

“अजिबात नाही. तो लबाड आहे.”

“आईला नका सांगू. ती मारेल.”

“तू सांगशील. मी शेजारी बसते.”

बाईंचा फोन जाताच आई शिवणकामाच्या कारखान्यातून तशीच धावत आली, बाहीवर दोऱ्यांचे तुकडे घेऊन. “काय केलं हिने?” दारातूनच तिचा आवाज आला आणि बाईंनी ओळखलं, ही आपल्याच जातकुळीतली तोफ आहे.

“ताई, बसा. तुमच्या मुलीला कोणीतरी फसवलंय. तिची चूक नाही. ती आता सांगेल. तुम्ही एकदा ओरडलात, की ती आयुष्यात पुन्हा सांगणार नाही. मलाही जड गेलं, पण जमतं. फक्त दोन वाक्यं म्हणायची.” आणि बाईंनी ती वाक्यं तिला शिकवली.

मुंगीने सांगितलं. आईचा चेहरा लाल झाला, हात उचलला गेला आणि मध्येच थांबला. मग तो अलगद मुलीच्या डोक्यावर आला.

“बरं झालं… बरं झालं सांगितलंस,” आई म्हणाली आणि तिला पुढचं सुचेना. डोळ्यांना नुसती धार लागली.

“‘आता काय करायचं ते आपण मिळून बघू’ असं म्हणायचं असतं, आई,” मुंगीने हळूच आठवण करून दिली.

दुसऱ्या दिवशी आई आणि हेडबाई मेसेज घेऊन पोलिसांकडे गेल्या. तक्रार नोंदवली गेली, गेममधलं ते खातं बंद झालं. तो माणूस अजून सापडायचा होता. पण शाळेच्या दारात आता रोज कोणीतरी मोठं उभं राहत होतं आणि ते कशासाठी हे मुंगीला माहीत होतं.

काही दिवसांनी तास चालू असताना खटकन आवाज झाला. मुंगीने शेजाऱ्याला कोपर मारून माऊस असा हिसकावला होता की वायर तुटून तिच्या हातात आली होती.

“अगं ए! काय हे? वायर आहे की दोरी?” तोफ धडाडली. आणि तेवढ्यात बाईंनी जीभ चावली. गेलं सगळं मुसळ केरात, असं त्यांना वाटलं.

मुंगी त्यांच्याकडे बघत होती. मग तिने तुटकी वायर वर धरली आणि खदखदून हसली.

“बाई, आऊट!”

बाईंनी मुकाट्याने फडकं उचललं आणि पहिल्या स्क्रीनपासून पुसायला सुरुवात केली.