गाळण्यात अडकलेला शिंपला

मित्रांनो, जुनं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे आजोबांची सायकल येते, फार तर एखादं तांब्याचं घंगाळ. मी त्यांच्याहून जरासा जुना आहे. मी तीस लाख वर्षांचा शिंपला आहे. अंगानं म्हणाल तर खसखशीच्या दाण्याहूनही लहान. तळहातावर ठेवलंत तर फुंकून टाकाल आणि वर म्हणाल, "धूळ होती."

'शिंपला' हेसुद्धा आपलं सोयीसाठी. शास्त्रज्ञ मला फोरॅम म्हणतात. अरबी समुद्राच्या वरच्या, उन्हाच्या पाण्यात एका पेशीचा एक जीव तरंगत होता. तो माझा धनी. पाण्यातला चुना घेऊन त्यानं मला बांधलं. आधी एक खोली, मग तिला लागून दुसरी, थोडी मोठी. तुमच्या गावात मुलाचं लग्न ठरलं की मागच्या अंगाला एक खोली काढतात ना, तसंच. नकाशा नाही, मंजुरी नाही. पण माझा धनी जेमतेम महिनाभर जगला. पुढची पिढी पाण्यात सोडून तो संपला, आणि मी रिकामा होऊन हळूहळू तळाशी गेलो. महिनाभराचा संसार आणि तीस लाख वर्षांचं कुलूप! असला व्यवहार कुणी ऐकला नसेल.

तरी मी नुसता पडून नव्हतो. माझ्या भिंतीत एक हिशोब बसलेला आहे, तो समजून घ्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळतो. तो वाढला की पाणी थोडं आंबटपणाकडे झुकतं. त्याच पाण्यात बोरॉन नावाचं द्रव्य असतं. त्याचे दोन भाऊ, एक जड आणि एक हलका. पाणी किती आंबट आहे त्यावर कोणता भाऊ भिंतीत किती शिरणार हे ठरतं. धन्यानं भिंत बांधली आणि ते प्रमाण तिथंच कायमचं राहिलं. भिंत तपासली की समुद्र कळतो, आणि समुद्र कळला की त्या दिवसांतली हवा कळते. माणसं जुन्या आठवणी सांगताना पदरच्या दोन घालतात. माझ्यात ती सोय नाही.

माझ्यासारख्या असंख्य शिंपल्यांवर वर्षानुवर्षं चिखल साचत गेला. मग एक जहाज आलं. त्यानं समुद्राच्या तळात लांब नळी घुसवली आणि आम्हाला थरासकट वर ओढलं. त्या दिवशी आमचा थाट विचारू नका! टाळ्या काय, फोटो काय! दुसऱ्या दिवशी थंड खोलीत फळीवर ठेवलं आणि सगळे जेवायला गेले. ते जेवण बरीच वर्षं चाललं. मधूनमधून कुणीतरी यायचं, आमच्या थराचा तुकडा कापून न्यायचं. अखेर आमच्या थराचा एकच कापा उरला, आणि तो नीलमच्या हाती आला.

नीलम वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनची. गोव्याच्या एका संस्थेत संशोधन करते. तिनं आमचा चिखल चाळणीवर धुतला, सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या बारीक कुंचल्यानं आमच्या जातीचे शिंपले एकेक करून वेचले. तिच्या भिंतीवर एक आलेख होता. पुराण्या हवेतल्या कार्बनची रेघ डावीकडून येत होती, उजवीकडे जात होती, आणि मधे तुटली होती. ती तुटलेली जागा आमची. आमच्या काळात पृथ्वी आजच्याहून ऊबदार होती, समुद्र वर चढलेला होता, आणि हवेतला कार्बन साधारण आजच्याइतकाच असावा असा अंदाज आहे. अंदाज खरा किती, ते सांगायला नीलमला आम्हीच हवे होतो. आम्ही गेलो की रेघ तुटलेलीच राहणार. दुसरा कापा कुठंच नव्हता.

आणि असे आम्ही, मोजमापाच्या यंत्राची पाळी तोंडावर आलेली असताना, शिरपूरला निघालो. कारण घरून हुकूम आला होता, "पर्युषण आहे, घरी ये." जैनांचं हे उपास-नेमांचं पर्व संपताच यंत्राची पाळी होती, आणि आमची शेवटची धुलाई बाकी होती. म्हणून नीलमनं सूक्ष्मदर्शक मांडीवर घेतला, आमची कुपी पर्समध्ये घातली आणि गाडीत बसली.

घर म्हणजे पुढं कांतीलालांचं दुकान, मागं बिऱ्हाड, परसात विहीर. कांतीलाल नीलमचे वडील. कोणतीही वस्तू दिसली की तिचं वजन आणि भाव डोळ्यांनीच काढायचा, ही त्यांची रीत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांनी पहिलाच प्रश्न केला.

"साबुदाना आहे का हा? किलोले काय भाव पडते?"

"बाबा, किलोभर जमवाले माही सारी जिंदगी जाईन."

"मंग धंदा बुडीत आहे," असं म्हणून ते गिऱ्हाइकाकडे वळले.

कांतीलालांची थोरली बहीण सूरजबाई, म्हणजे नीलमची आत्या, ही वेगळी असामी. नावात सूर्य आहे, आणि तो मावळायच्या आत जेवण झालंच पाहिजे. घरात नळ आहे, पण तिला विहिरीचंच पाणी चालतं, आणि तेही दुहेरी घडीच्या सुती फडक्यातून गाळलेलं. त्या फडक्याला घरात गाळणं म्हणतात. पाणी गाळल्यावर गाळण्यावर जे सूक्ष्म जीव अडकतात ती जीवाणी. ती टाकून द्यायची नाही. बुडाला कडी असलेल्या बादलीतून अलगद विहिरीत उतरवायची, जिवांना आदळसुद्धा बसू नये म्हणून. आत्यानं चष्मा काढून सूक्ष्मदर्शकात पाहिलं. नीलमनं ओल्या कुंचल्यानं मला जरा ढकललं आणि मी गोल फिरलो.

"अवो बाई! हालून राह्यला नं हा!"

"समुद्रातले आहेत, आत्या. पाह्य तरी किती सुंदर!"

तेवढ्यात दुकानातून हाक आली आणि नीलम उठून गेली. आमचं वय सांगायचं राहिलं. शिकलेल्या माणसांचं असं असतं. कौतुक आधी दाखवायचं, माहिती मागाहून द्यायची.

दुसऱ्या दिवशी नीलमनं आम्हाला शुद्ध पाण्याच्या कुपीत भिजत घातलं, उरलासुरला मातीचा कण सुटावा म्हणून. मग परतीचं तिकीट काढायला बाप-लेक एसटीनं वाशिमला गेले. घरात आत्या एकटी. फडताळापुढून जाताना तिला आमची कुपी दिसली. पर्युषणाचे दिवस, न गाळलेलं पाणी, त्यात काल डोळ्यांदेखत हललेले जीव, आणि वर घट्ट बूच! तिच्या तोंडून "अरिहंत, अरिहंत" निघालं. तिनं बूच काढलं आणि आम्हाला गाळण्यात ओतलं. कुपी घासली, पुसली आणि फडताळात पालथी घातली. बाई मोठी टापटिपीची.

मित्रांनो, गाळण्याचे धागे आमच्या मापानं नावेच्या दोरखंडाएवढे. आम्ही त्यात लटकलो होतो, आणि आत्या आम्हाला घेऊन विहिरीकडे चालली होती. विहिरीच्या तळाला काळा गाळ. त्यात गेलो की संपलं. समुद्राच्या चिखलातून काढायला जहाज आलं होतं, शिरपूरच्या विहिरीतून काढायला कोण येणार? मी काही ओरडू शकत नव्हतो. तीस लाख वर्षं गप्प बसायची सवय एका दुपारी मोडत नाही.

आत्यानं कडीची बादली उचलली. विहिरीत वाकून पाहिलं, हातातल्या गाळण्याकडे पाहिलं. "नाही बाप्पा," असं काहीसं पुटपुटली आणि परत फिरली. पुढचं मला दिसलं नाही, कारण आम्ही गाळण्यासकट एका वाटीत गेलो आणि वर ताटली आली.

थोड्या वेळानं बाहेर पावलं वाजली. नीलम आली होती. आधी चपलांचा आवाज, मग फडताळाचा.

"बाबा, कुपी पालथी आहे."

"कोन्ती?"

"माही! रिकामी आहे, बाबा!"

आत्या तिथंच होती, पण सामायिकाला बसलेली. सामायिक म्हणजे दोन घटका एका आसनावर बसून ध्यान करायचं. त्या वेळात उठायचं नाही, बोलायचं नाही, खूणसुद्धा करायची नाही. एरवी गल्लीतल्या प्रत्येक वादात जिचा निकाल आधी ऐकू येतो, ती बाई नेमकी त्या वेळी डोळे मिटून बसली होती.

"आत्या! पानी कुठी गेलं यातलं?"

माळेचे मणी वाजत राहिले.

कांतीलाल दबक्या आवाजात म्हणाले, "कायले विचारतं तिले? गाळलं असंल. आन् जीवाणी विहिरीत. दुसरं काय करते बाई?"

नीलम विहिरीकडे धावली. तिचा आवाज लांबून आला, पण असा आवाज मी थंड खोलीतसुद्धा कधी ऐकला नव्हता. "तो शेवटचा कापा होता, बाबा. दुसरा नाहीच कुठी. आता गेलं सारं."

काल आम्हाला साबुदाणा म्हणणारे कांतीलाल आता पोरीच्या आवाजानं हलले. हिशेबी माणूस पोरीपुढं हिशेब विसरतो, हे मी त्या दिवशी ऐकलं. "थांब, रडू नको. भाऊसिंगले फोन करतो. त्याच्या जोळ मोटर आहे. विहीर उपसून काढू."

"गाळात गेले ते, बाबा. मोटरीनं काय होते?"

"मंग गाळ बी काढू! अरे भाऊसिंग, हॅलो, कुठी आहे तू? मोटर घेऊन ये लवकर. कायले म्हंजे? विहीर उपसाची आहे!"

विहीर उपसायची, तीही पर्युषणात! आत माळेचे मणी असे भरभर वाजू लागले की एका बैठकीत दोन जप उरकले असावेत. पण नेम म्हणजे नेम. आत्या उठली नाही, बोलली नाही. तिनं शेवटचं नमन केलं, आसनाची घडी घातली, आणि मग आवाज फुटला.

"खबरदार विहिरीत मोटर टाकली तं! कांती, अक्कल काय दुकानात इकली का तू?"

"बाई, पोरीचे जीव विहिरीत टाकले तूनं."

"म्या? म्या टाकले? समुद्राचे जीव गोड पान्यात टाकीन मी? मरतीन नं ते! जीवाणी ज्या पान्याची त्याच पान्यात जाते. हे तुले मायनं शिकवलं नाही का?"

नीलम धापा टाकत आत आली. "मंग कुठी आहेत, आत्या?"

"असतीन कुठी! ठेवले झाकून. समुद्रावर जानारा कोनी भेटला की धाडीन म्हनलं. मंघानी फोनवर म्हनलं होतं याले, मुंबईले कोन जाऊन राह्यलं ते पाह्य."

कांतीलालांचा आवाज खाली आला. "मले वाटलं, तुले पापड धाडाचे आहेत."

ताटली उचलली गेली. उजेड आला, आणि त्या उजेडात नीलमचा चेहरा. ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच ठाऊक नसावं. तिनं बोट वाटीत बुडवून जिभेला लावलं.

"आत्या, हे खारट काहून लागते?"

"मीठ टाकलं थोडंसं. खाऱ्या पान्यातले लेकरं, त्यायले घरच्यासारखं वाटावं म्हनून."

नीलम खाली बसली आणि इतकी हसली की दुकानातलं गिऱ्हाईक डोकावून गेलं. मीठ शुद्ध पाण्यानं धुऊन निघतं. आणि भाऊसिंगला पुन्हा फोन झाला, की मोटर नको, चहाला ये.

मग मात्र नीलमनं आत्याला समोर बसवून सगळं सांगितलं. "आत्या, यायचे मालक कधीचेच गेले. तीस लाख वर्षं झाली. हे रिकामे घरं आहेत. म्या कुंचल्यानं ढकललं म्हनून हालले."

"कोनं मारलं त्यायले?"

"कोनंच नाही. आपल्या मौतीनं गेले."

"आता काय करशीन तू यायचं?"

नीलमला गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण ती सरळ बोलली. "आम्लात विरघळवीन. मंग यंत्र सांगते, तवाची हवा कशी होती."

आत्यानं वाटी उचलून उजेडात धरली. माझा जीव, म्हणजे जिथं असायचा तिथली रिकामी जागा, टांगणीला लागली. विहिरीतून वाचलो, पण या बाईनं आता 'नाही' म्हटलं असतं तर तिचं मन मोडणारं त्या घरात कुणी नव्हतं.

"आतमधी कोनी राह्यत नाही नं? पाह्यलं तू?"

"एकेक पाह्यला, आत्या."

"आन् हवेचं कळल्यावर लोक ऐकतीन?"

"थोडेफार."

"थोडेफार ऐकतीन तं लय झालं. तुया बाप तं पापड समजते. कर तू."

मग दोघी कामाला लागल्या. आत्यानं गाळणं ताणून धरलं, नीलमनं दोरखंडांतून आम्हाला एकेक सोडवलं. आत्याचा एकच धोशा, "एक बी राह्यला नाही पायजे, पाह्य पुन्हा." मी घडीच्या टोकात अडकलो होतो. ओला कुंचला आला आणि मी अलगद त्याला चिकटलो. इतक्या लाख वर्षांत मला कुणी एवढ्या घाईनं शोधलं नव्हतं. जे फुटके निघाले त्यांच्यासाठी आत्यानं वेगळी पुडी बांधली. "हे गोव्याच्या समुद्रात सोडजो, आन् सोडले की मले फोन करजो." नीलमनं ती पुडी आमच्या कुपीशेजारीच ठेवली.

मी अखंड आहे, म्हणून मी आम्लात जाणार. मला त्याचं दुःख नाही. उलट हलकं वाटतं. एका महिन्याची हवा मी इतका काळ भिंतीत धरून बसलो, ती आता कुणीतरी माझ्या हातून घेणार, आणि ती तुटलेली रेघ जोडली जाणार. एवढ्यासाठी विरघळायला कोण नाही म्हणेल?

तुम्हाला एकच विनंती, मित्रांनो. तुमच्या घरात, शाळेत, रस्त्यावर अशा पुष्कळ बारीक वस्तू असतात, ज्यांचा उपयोग तुम्हाला आज कळत नाही. त्या टाकायच्या आधी सूरजबाईंसारखं घटकाभर काठावर थांबा आणि विचारा, "तू कोणत्या पाण्यातली?" उत्तर आलं नाही, तर झाकून ठेवा. मीठ मात्र घालू नका.