वाकड्या पायाचं शिंगरू

दादा येणार, हे मानकरी मेला त्याच दिवशी धाकटीला कळून चुकलं होतं. तो गाडीतून उतरला तेव्हा ती तबेल्याच्या दारात भिंगरी घोडीचे खूर साफ करत बसली होती. उठली नाही. तीन वर्षं हा दिवस मनात घोळवलेला, आता उठून आपलीच मजा कोण घालवणार?

मानकरी म्हणजे बाबांचा पैदाशीचा घोडा. आजोबांपासून या घरात रेसचे थरोब्रेड घोडे जन्माला येत होते आणि त्या सगळ्या खटाटोपाचा कळस म्हणजे मानकरी. बाबांनी जाताना स्टड फार्म, मानकरी, तरण्या घोड्या, सगळं दादाच्या पदरात टाकलं. धाकटीला काय, तर काजळी नावाची एक म्हातारी घोडी. ज्या लेकीनं खांद्यापर्यंत हात घालून अडलेली शिंगरं ओढून काढली, तिच्या तोंडाला अशी पानं पुसली! वर शहाणपण शिकवलं, "वंश नरानं चालतो, पोरी. घोड्याचा काय नि माणसाचा काय."

काजळीला तेव्हा मानकरीचंच एक शिंगरू पीत होतं. पुढचे दोन्ही पाय आत वळलेलं. "हे ध्यानही ने बाई," दादा म्हणाला, "नाहीतर उगाच बंदुकीची एक गोळी वाया जायची." तबेल्यातले सगळे मोतद्दार खो खो हसले. ते हसणं धाकटीच्या कानात घर करून राहिलं.

तिनं त्याचं नाव वाकड्याच ठेवलं आणि ते पाय सरळ केले. रोज चोळले, खूर कानशीनं बेतानं घासले, रात्रंदिवस जपलं. लोक म्हणाले, बाई खुळी आहे. मग वाकड्या पहिल्या रेसमध्ये असा सुटला की त्याच लोकांची बोलती बंद झाली. शिवाय काजळी आली तीच गाभण होती. दादाला गंधवार्ताही नव्हती. तिला मानकरीचीच भिंगरी झाली.

इकडे दादानं भलतीच अक्कल पाजळली. मानकरीचा एकही नर खच्ची केल्याशिवाय विकायचा नाही! दुसऱ्याच्या दारात त्याचा मुलगा पैदाशीला उभा राहिला, तर आपल्याकडे घोड्या कोण आणणार? आणि मग एका दुपारी मानकरी पोटदुखीनं गडाबडा लोळला नि गेला. त्याच्या रक्ताचा अख्खा नर उरला एकच, तो गोळी वाया जायची म्हणून दिलेला वाकड्या.

"ये म्हणणार नाहीस?" दादानं विचारलं.

"तबेला आहे. ये की."

"तो घोडा मला दे. अर्धं फार्म तुझं. फाटकावर तुझं नाव लावतो. हवं तर माझ्या आधी लाव."

"आणि?"

"माझं चुकलं."

"काका, जरा इकडे या हो," धाकटीनं म्हाताऱ्या मोतद्दाराला हाक मारली. तोही त्या दिवशी हसणाऱ्यांतलाच, पुढे तिच्याकडे कामाला आलेला. "दादा काहीतरी म्हणतोय. म्हण रे परत."

"माझं चुकलं," दादा पुन्हा म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. धाकटीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

"चल, बघून घे तुझा घोडा," ती म्हणाली.

वाकड्या मागचे पाय फाकवून उभा होता. मांड्यांच्या आतल्या बाजूला सूज होती, वाळलेलं रक्त होतं आणि माश्या बसू नयेत म्हणून लावलेल्या मलमाचा उग्र वास येत होता. दादा घोड्यांत वाढलेला माणूस, त्याला सांगावं लागलं नाही. तो खाली बसून जखम बघू लागला.

"कधी खच्ची केलंस?"

"मानकरी गेल्याचं कळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. डॉक्टर सारखे विचारत होते, नक्की ना, बाई?"

दोर तिनं स्वतः धरला होता. गुंगीनं वाकड्याची मान तिच्या खांद्यावर कलंडली तेव्हा तिला हुंदका आवरला नव्हता. पण ते दादाला कशाला सांगायचं?

"मी तुझं काय घोडं मारलं होतं गं?" दादा ओरडला. म्हातारा मोतद्दार तोंड फिरवून खोकला. "बाबांचा वंश बुडवलास तू!"

"मी कशी बुडवणार? वंश चालवायला त्यांनी तुला नेमलं होतं. मला म्हातारी घोडी दिली होती, ती मी सांभाळली."

दादा गुडघ्यांवर हात टेकून उठला. धाकटी त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिनं मनाशी एक ठरवलं होतं. दारात वाकड्याच्याच बापाची, त्याच्याच आईची भिंगरी उभी होती, काळीभोर, चारही पायांनी सरळ. दादानं एकदा जरी विचारलं, ही कुणाची, तर रुसवा सोडायचा, चहा टाकायचा आणि पुढचं बोलायचं.

भिंगरीनं मान लांब करून त्याचा खांदा हुंगला. दादानं तिचं तोंड तळहातानं बाजूला सारलं आणि तिच्याकडे न बघताच गाडीकडे चालू लागला.

धाकटीनं खाली बसून भिंगरीचा चौथा पाय उचलला. तेवढाच साफ करायचा राहिला होता.