मयताचं नाव

“म्हंजी मी निस्तं पडून ऱ्हायचं?” गहिनीनाथनं दवाखान्याच्या टेबलावर पालथं पडल्या पडल्याच मान वळवून विचारलं.

“हो. डोळे मिटून. आणि हसायचं नाही,” असं म्हणत नर्सबाईंनी उकळत्या पाण्यातून चिमट्यानं सुई उचलली.

“आन् मेल्यावर भजी मिळत्यात का?”

“खेळ संपल्यावर मिळतील.”

“मग मेलो म्हना,” गहिनीनाथ म्हणाला. तेवढ्यात सुई टोचली आणि तो जीव गेल्यासारखा ओरडला. बाहेर बाकावर बसलेली माणसं हसली. गहिनीनाथ कारखान्याच्या गोदामाचा स्टोअरकीपर. गडी आडदांड, पण मांडीवरच्या केसतोडानं टेकीला आला होता. त्यानं लेंगा सावरला आणि येत्या रविवारी दुपारी मरायला यायचं कबूल करून तो लंगडत निघून गेला.

बेलापूरपासून थोड्या अंतरावर साखर कारखान्याची ती वसाहत होती. बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती. गळिताचा हंगाम ऐन भरात होता. दिवसरात्र उसाच्या गाड्या येत, आणि मळीचा आंबूस वास वाळत घातलेल्या कपड्यांनासुद्धा येई. वसाहतीच्या टोकाला नर्सबाईंची दोन खोल्यांची जागा होती. वसाहतीतलं एकही घर असं नव्हतं की जिथं त्या गेल्या नव्हत्या. कुणाचं बाळंतपण, कुणाची विषमज्वराची पाळी, कुणाच्या म्हातारीचे शेवटचे दिवस. घरात शिरलं की आधी हात धुवायला पाणी मिळे, मग पेशंट दाखवला जाई. काम झालं की कपात चहा येई. तो त्या उभ्यानंच घेत, कारण घरातलं प्रत्येक माणूस त्या कधी जातात याची वाट बघत असल्यासारखं वाटे. सुईला लोक भितात, त्याला त्यांचा इलाज नव्हता. पण त्यांच्या स्वतःच्या घरी, दुखणं नसताना, नुसतं बसायला म्हणून कुणी आल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

खुनाचा खेळ त्यांनी तरुणपणी नगरला पाहिला होता. मिशनच्या दवाखान्यात त्या शिकत होत्या, तेव्हा नाताळात मडमबाईंच्या बंगल्यावर तो चाले. एकानं मेल्याचं सोंग घ्यायचं, बाकीच्यांनी खुनी शोधायचा. शिकाऊ नर्सेसना ट्रे धरून दारात उभं केलेलं असे. एरवी वॉर्डात करकर बूट वाजवत फिरणारी ती गंभीर गोरी माणसं गालिच्यावर रांगत पुरावे शोधत आणि पोट धरधरून हसत. ते हसणं त्यांच्या डोक्यात राहून गेलं होतं. पुढं कामगार क्लबाच्या वाचनालयातल्या रहस्यकथा वाचून वाचून त्यांनी मनाशी आपली एक गोष्ट रचली. एक मोठे बागाईतदार, भाऊसाहेब. दुपारी जेवून पडतात ते उठतच नाहीत. घरात त्यांची बायको, पुतण्या, म्हातारी बहीण. खून कुणी केला?

बोलवायचं कुणाला, यावर त्यांनी फार विचार केला. टाइमकीपर सहादेव हा पुतण्या, त्याची बायको मनकर्णा ही बागाईतदारीण आणि आई लंकाबाई ही म्हातारी बहीण. शाळेतले गोरक्षनाथ मास्तर, ते तपास करणारे फौजदार. शेजारच्या फिटरची बायको रतनबाई. ही मोलकरीण होणार होती. आणि भाऊसाहेबांचं मयत म्हणून गहिनीनाथ. जो तो दवाखान्यात येईल तसं त्याला त्यांनी तोंडीच पढवलं. खुनी कोण ते मात्र कुणालाच सांगितलं नाही. खुद्द खुन्यालासुद्धा नाही. कुणाच्या पोटात काही राहायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

रविवारी त्यांनी पहाटेपासून घर सारवलं, झाडलं, पुसलं. तुळशीच्या कुंडीत फुटकी बांगडी पुरली. खिडकीत चिखलाचा जोडा ठेवला. बागाईतदाराचा म्हणून पितळी पेला घासून त्याच्या तळाशी चिमूटभर खडूची पूड टाकली, ते विष. मग कांदे चिरले. दुपारपर्यंत त्यांना इतकी हुरहूर लागली, की दोनदा त्या फाटकापर्यंत जाऊन आल्या.

आणि माणसं आली. खरोखर आली. लंकाबाई काठी टेकत सगळ्यांच्या पुढं होती. मनकर्णेनं बागाईतदारणीसारखं दिसावं म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मास्तरांनी कुठून तरी खाकी टोपी मिळवली होती. तिला बघूनच हशा पिकला.

नर्सबाई स्टोव्हला पंप मारत होत्या. बाहेर काही तरी बोलणं निघालं की हसण्याचा फवारा उडे. त्या घाईनं ताट घेऊन बाहेर येत, तोवर हसणं ओसरलेलं असे.

“बसा की, नर्सबाई,” मनकर्णा म्हणे, आणि सगळी जरा सावरून बसत.

“आलेच, घाणा टाकलाय,” म्हणून त्या आत जात.

एकदा त्या हट्टानं दारापाशी टेकल्या. तशी रतनबाईनं पदर खोवून मनगट पुढं केलं. “बाई, हे बघता का जरा? पानी भरताना कळ येती.” मग सहादेवनं जीभ दाखवली. मास्तर म्हणाले, त्यांनाही हल्ली रात्री ठसका लागतो. नर्सबाईंनी मनगट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, ठसक्याला ज्येष्ठमध सांगितलं आणि उठून पुन्हा कढईपुढं जाऊन बसल्या. तेल तापलं होतं. स्टोव्हच्या आवाजात बाहेरचं नीट ऐकू येत नव्हतं. त्यांना नगरची ती दारातली जागा आठवली. आज घर त्यांचं होतं, खेळ त्यांचा होता, तरी हातात ट्रे होताच.

इतक्यात गोदामातला हमाल सायकल टेकवून दारात उभा राहिला. “गहिनीनाथ सायबांनी सांगितलंय, बारदानाच्या ट्रका आल्यात. त्यास्नी येता याचं न्हाई.”

“आरं तिच्या!” सहादेव म्हणाला. “मयतच आलं न्हाई! मग खून कुणाचा?”

सगळे एकमेकांकडं बघू लागले. मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आता उठायचं का, असा विचार त्यांच्या तोंडावर दिसला. नर्सबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. इतक्या दिवसांची जुळणी अशी दारातून परत जाते की काय, असं त्यांना वाटलं.

“नर्सबाई, तुमीच मरा की!” मनकर्णा एकदम म्हणाली, आणि जीभ चावून हसली.

“मी? मग भजी कोण तळणार?”

“आवो, आना तो झारा हिकडं,” म्हणत रतनबाई उठलीच. “मोलकरीन हाय ना मी आज?”

नर्सबाईंना सतरंजीवर आडवं केलं गेलं. मनकर्णेनं पलंगावरची पांढरी चादर ओढून त्यांच्या तोंडावरून घातली. चादरीतून खिडकीचा उजेड दुधासारखा दिसत होता. कितीजणांवर आपण अशी चादर ओढली, असं त्यांच्या मनात आलं. पण आतून बरं वाटत होतं. माणसांचे पाय अगदी कानाशी वाजत होते. बांगड्या किणकिणत होत्या. पहिल्यांदाच आपल्यासाठी कुणी सावरून बसत नव्हतं.

“हं,” मास्तरांनी फौजदारी आवाज काढला. “आता भाऊसाहेबांचा खून राहू द्या. खून नर्सबाईंचाच झालेला आहे. पंचनामा सुरू. मयताचं नाव?”

“नर्सबाई,” सहादेव म्हणाला.

“ते झालं हो. नाव काय?”

सगळ्यांनी सहादेवकडं पाहिलं.

“हजेरीला जे. के. सानप हाय,” सहादेव म्हणाला.

“जे म्हणजे?”

“जानकी असंल.”

“जनाबाई आसंल,” आतून रतनबाई ओरडली.

“बरं, गाव?”

“नगरच ना? का पातर्डीकडल्या?” मनकर्णा म्हणाली. “मला वाटतंय भाऊबिऊ हाय त्यांना. का न्हाई?”

“नवरा?”

“असंल की कधी तरी.”

मास्तर खाकरले. “बरं, ते जाऊ द्या. मयताचं वैर कुणाशी होतं?”

“छ्या! हिला कशाला कोन मारील?” सहादेव म्हणाला. “लई गरीब बाई. हिचं कुनाशी वैर न्हाई.”

“वैर व्हायला येनंजानं लागतं, बाबा,” लंकाबाई म्हणाली.

तिनं ते वाईट मनानं म्हटलं नव्हतं. जे दिसत होतं ते बोलून गेली. आत तेलात भजी तडतडत होती तेवढीच. कुणी तरी पाय आवरून घेतले. सगळ्यांच्या घरच्या नाड्या, ताप, बाळंतपणं जिच्या हातांखालून गेली होती तिच्याबद्दल सांगायला त्यांच्याजवळ एक वाक्य नव्हतं. ते त्यांना त्या वेळी कळलं आणि ती माणसं खरोखरीच्या मयताजवळ बसल्यासारखी बसून राहिली.

चादर तोंडापाशी हलली.

“झुंबर,” चादरीतून आवाज आला.

“मयत बोललं!” मनकर्णा किंचाळली. मग जो हशा उसळला त्यात रतनबाई झारा घेऊनच बाहेर धावत आली. मास्तरांनी चादर हनुवटीपर्यंत खाली केली.

“काय म्हणालात?”

“नाव. झुंबर. झुंबर किसन सानप.”

“मयतानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही,” मास्तर म्हणाले, पण त्यांना हसू आवरत नव्हतं. “हे असलं नाव कुणी ठेवलं?”

झुंबर छताकडं बघत पडून राहिली होती. पडल्या पडल्या बोलणं सोपं जात होतं. “आयनं. मढीच्या जत्रंत तिनं एका दुकानात काचेचं झुंबर बघितलं हुतं. मी पोटात हुते. दुकानदार हाकलीपर्यंत ती तिथनं हालली न्हाई म्हनं. तवाच ठरवलं, पोरगी झाली तर झुंबर.” इतक्या वर्षांनी तिच्या तोंडी गावाकडची बोली आली आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

“माझ्या मामीचं नाव झुंबर,” लंकाबाई पुढं सरकत म्हणाली. “लई ग्वाड गायची. मग, नवरा गं?”

“गेला. लग्नाच्या दुसऱ्या साली, पटकीनं. पोर न्हाई. सासरच्यांनी आयपाशी आनून सोडलं. आय हुती तवर गाव हुतं.”

“आता कोन हाय?”

“कुनी न्हाई,” झुंबर म्हणाली. तिनं ते पत्ता सांगावा तसं सांगितलं.

रतनबाईनं गरम भजं आणून तिच्या तोंडात घातलं. आडवं पडून खाताना ते टाळ्याला चिकटलं. मीठ कमी होतं. दुसऱ्याच्या हातचं भजं, आणि तेही आपल्या घरात. झुंबरला हसू आलं, ठसका लागला आणि मयताच्या पाठीवर चार हात थापटायला धावले.

मग खेळ कसला! जो तो कबुली देऊ लागला. सहादेव म्हणाला, मीच मारलं, कॉलऱ्याच्या सुईचा सूड घेतला. मनकर्णा म्हणाली, न्हाई न्हाई, मी मारलं, मला बाळंतपनात गोड खाऊ दिलं न्हाई म्हनून. मास्तरांनी सगळ्यांना एकाच बेडीत अडकवायचं फर्मान काढलं. झुंबर उठून बसली होती. चादर खांद्यावर शालीसारखी घेऊन ती एकाकडून दुसऱ्याकडं बघत होती. कप कुणी भरले, ताटल्या कुणी उचलल्या, तिला पत्ता नव्हता.

भोंगा झाला तशी सगळी भानावर आली. सहादेवला पाळीची हजेरी घ्यायला जायचं होतं. रतनबाईचा नवरा सुटला होता. चपला शोधताना कुणी कुणाला ढकलत होतं.

“लई मजा आली, नर्सबाई.”

“येतो हां, नर्सबाई.”

हसण्याचा आवाज रस्त्यानं लांब गेला. गाड्यांच्या घुंगरांत तो मिसळला आणि मग नुसते घुंगरूच उरले.

झुंबरनं चादर घडी केली. खिडकीतला जोडा कुणी पाहिलाच नव्हता. पेला कुणी हुंगला नव्हता. कुंडीतली बांगडी तिनंच बोटानं उकरून काढली. खुनी कोण, हे कुणी विचारलं नव्हतं. त्याचा राग करावा असं काही नव्हतं. माणसं हसली होती, पोटभर खाऊन गेली होती. ती मोरीत कप विसळू लागली.

दाराशी काठी वाजली. लंकाबाई परत आली होती.

“काही विसरलं का, मावशी?”

“न्हाई गं. घरापतूर गेले आन् माघारी फिरले.” म्हातारी धापा टाकत खुर्चीत बसली. “झुंबर, त्या बागाईतदाराला मारलं कुनी? एवढं सांग. न्हाईतर मला चैन पडायची न्हाई.”

झुंबरनं ओले हात पदराला पुसले. दिवेलागण झाली होती. तिनं दिवा लावला, म्हातारीच्या हाती चहाचा कप दिला आणि समोर बसून अगदी पहिल्यापासून सांगायला घेतलं. बंगला कसा, बाग कशी, पुतण्या कसा उधळ्या. म्हातारी “व्हय का” म्हणत होती. पुढं “हं” म्हणू लागली. झुंबर सांगत राहिली. विषाच्या पेल्यापर्यंत ती आली, तेव्हा लंकाबाईची मान एका बाजूला कलली होती आणि तोंड किंचित उघडं पडलं होतं. दिवसभराच्या दगदगीनं म्हातारी गाढ झोपली होती.

झुंबरनं तिच्या हातातला कप हळूच काढून घेतला. पायांवर शाल घातली. मग पुन्हा समोर येऊन बसली आणि आवाज खाली आणून उरलेली गोष्ट पुरी केली.

“मारलं ते बहिणीनं. म्हंजी तुमीच, मावशी. जन्मभर तिनं भावाचं रांधलं. वाईट न्हवता तो. पर तू जेवलीस का, आसं त्यानं तिला कवा इचारलं न्हाई.”

म्हातारीचा श्वास संथ चालला होता. बाहेरून मनकर्णेची हाक आली, “आत्याबाई! ओ आत्याबाई, कुटं गेलात?”

हाक फाटकाजवळ आली. झुंबरनं दिव्याची वात थोडी खाली केली आणि पाहुणीकडं बघत बसून राहिली.